तंतुयुक्त आहार आणि कामाची जागा : वजनघटीच्या कार्यक्रमाचे मूल्यमापन

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ या काळात, १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया आणि सुमारे २३ टक्के पुरुष अतिवजनी किंवा स्थूल असल्याचे आढळले. चौथ्या फेरीत, २०१५-१६ साली, हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे २१ व १९ टक्के होते. पाचव्याच फेरीत १८.७ टक्के स्त्रिया व १६.२ टक्के पुरुष कमी वजनाचे होते, ही गोष्टही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवली पाहिजे. एकाच देशात, पुष्कळदा एकाच कारखान्याच्या आवारात, कुपोषणाची ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात. व्यवस्थापकीय इमारतीत अतिवजनाचा प्रश्न असतो आणि माल उतरवणाऱ्या कंत्राटी मजुरांमध्ये अपुऱ्या वजनाचा.

नोकरदार माणूस जागेपणीचा मोठा भाग कामाच्या ठिकाणी काढतो. दिवसाचे किमान एक जेवण आणि दोन वेळचा चहा-नाश्ता तेथेच होतो. साहजिकच, आरोग्यविषयक उपक्रमांसाठी कार्यालये व कारखाने ही सोयीची ठिकाणे मानली गेली. अशा उपक्रमांत चोथा अधिक असलेल्या, म्हणजेच तंतुयुक्त, आहारावर भर देणारे वजनघटीचे कार्यक्रम विशेष लोकप्रिय झाले. त्यांच्या अखेरीस ‘कर्मचाऱ्यांनी सरासरी इतके किलो वजन घटवले’ असा अहवाल निघतो. तो आकडा कितपत विश्वासार्ह असतो आणि त्याच्या आधारे पैसा खर्च करावा काय, हा या लेखाचा विषय आहे. विषय आहाराचा असला तरी ही चिकित्सा कोणत्याही शासकीय योजनेला लागू पडते. म्हणून सामान्य अध्ययनाच्या अभ्यासकांना तिचा दुहेरी उपयोग आहे.

चोथ्याचे कार्य

वनस्पतिजन्य अन्नातील जो कर्बोदकमय भाग मानवी लहान आतड्यातील विकरांना पचवता येत नाही, त्यास आहारातील तंतू म्हणतात. मराठी स्वयंपाकघरातील ‘चोथा’ हा शब्द त्याला जवळचा आहे. मात्र ओट, इसबगोल किंवा मेथीदाण्यातील बुळबुळीत, पाण्यात विरघळणारे तंतूही त्यात मोडतात. या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले ते मुख्यतः डेनिस बर्किट या आयरिश शल्यचिकित्सकाने. युगांडातील दीर्घ वास्तव्यात त्याने ग्रामीण आफ्रिकी आहार आणि पाश्चात्त्य देशांतील आतड्यांचे विकार यांची तुलना केली व १९७० च्या दशकात तंतूंचा पुरस्कार केला.

वजनाशी तंतूंचा संबंध तीन मार्गांनी येतो. तंतुमय अन्न चावून खावे लागते व पोटात जास्त जागा व्यापते. त्यामुळे कमी उष्मांकात पोट भरल्याची जाणीव होते. विद्राव्य तंतू जठर रिकामे होण्याची क्रिया मंदावतात आणि जेवणानंतर रक्तशर्करा हळूहळू वाढते. शिवाय तंतूंपासून मिळणारी ऊर्जा दर ग्रॅमला सुमारे २ किलोकॅलरी धरली जाते. अन्य कर्बोदकांसाठी हा आकडा ४ आणि स्निग्धांसाठी ९ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी दररोज किमान २५ ग्रॅम नैसर्गिक तंतूंची शिफारस केली.

भारतीय पदार्थांपुरते बोलायचे तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेली अन्नघटक कोष्टके उपयुक्त आहेत. त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११.५ ग्रॅम, ज्वारीत १० ग्रॅम, नाचणीत व गव्हाच्या कणकेत ११ ग्रॅम तंतू असतात. पॉलिश केलेल्या तांदळात ते जेमतेम ३ ग्रॅम असतात. अख्ख्या हरभऱ्यात मात्र २५ ग्रॅमच्या घरात असतात. कँटीनमधील पांढऱ्या भाताचा काही भाग भाकरीने आणि पातळ वरणाचा काही भाग उसळीने बदलला, तर खर्चात फारशी भर न पडता तंतूंचे प्रमाण लक्षणीय वाढते. हा या प्रकारच्या कार्यक्रमाचा मोठा गुण आहे, यात शंका नाही. परंतु आहार चांगला असणे वेगळे आणि कार्यक्रम यशस्वी होणे वेगळे.

बॉस्टनचा प्रयोग

या विषयावरील नेमका व पुष्कळ उद्‌धृत केला जाणारा अभ्यास अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या सुसान रॉबर्ट्स व त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. बॉस्टन परिसरातील चार कार्यस्थळे निवडून चिठ्ठीच्या तत्त्वाने दोन ठिकाणी कार्यक्रम राबवला गेला आणि दोन ठिकाणच्या इच्छुकांना प्रतीक्षा यादीवर ठेवण्यात आले. एकूण १३३ अतिवजनी व स्थूल कर्मचाऱ्यांनी नाव नोंदवले. सहा महिन्यांच्या या कार्यक्रमात भूक कशी आटोक्यात ठेवावी याचे गटवार मार्गदर्शन होते. आहारात तंतू व प्रथिने अधिक आणि रक्तशर्करा झपाट्याने वाढवणारे पदार्थ कमी, अशी रचना होती.

कार्यक्रमाच्या ठिकाणी सहभागी कर्मचाऱ्यांचे वजन सरासरी ८ किलोने घटले, तर प्रतीक्षा यादीवरील कर्मचाऱ्यांचे सरासरी ०.९ किलोने वाढले. एकूण कोलेस्टेरॉल, उपाशीपोटीची रक्तशर्करा आणि रक्तदाब यांतही सुधारणा झाली. त्याच कार्यस्थळांवरील, परंतु कार्यक्रमात नाव न नोंदवलेल्या अतिवजनी कर्मचाऱ्यांचे वजनही सरासरी १.३ किलोने उतरले. तुलनेच्या ठिकाणी अशा कर्मचाऱ्यांचे वजन ०.७ किलोने वाढले होते. शेजारच्या टेबलावरील डबा बदलला की आपलाही बदलतो, हा अनुभव कार्यालयात काम केलेल्या कोणालाही नवा नाही. येथे तो मोजला गेला. मूल्यमापनाच्या परिभाषेत यास प्रसार-परिणाम म्हणता येईल.

या अभ्यासाची बलस्थाने उघड आहेत. तुलनेचा गट होता, त्याची निवड संशोधकांच्या मर्जीवर सोडलेली नव्हती आणि वजनाबरोबर रक्ततपासणीचाही आधार होता. तरीही दोन मर्यादा दृष्टीआड करता येत नाहीत. पहिली, चिठ्ठी व्यक्तींची नव्हे तर कार्यस्थळांची टाकली गेली आणि ती अवघी चार होती. एखाद्या ठिकाणचा उत्साही व्यवस्थापक, जवळची बाग किंवा कामाच्या पाळ्या यांचा प्रभाव चारच ठिकाणांत एकमेकांना छेदून जाईल याची खात्री नसते. अशा वेळी १३३ ही संख्या दिसते तेवढी मोठी राहत नाही. दुसरी, पुढील सहा महिन्यांच्या देखभाल टप्प्यात वजन पुन्हा वाढले नाही, हे खरे. पण त्या टप्प्यात कार्यक्रम पूर्ण केलेलेच, आणि त्यांपैकीही इच्छुकच, दाखल झाले होते. म्हणून संशोधकांनी स्वतःच त्यास पथदर्शी प्रयोग म्हटले आहे.

अहवालातील किलो आणि प्रत्यक्षातील किलो

बहुतेक कार्यस्थळांवर एवढीही काळजी घेतली जात नाही. तेथे कार्यक्रमापूर्वी व नंतर वजन घेतले जाते आणि फरक म्हणजे यश समजले जाते. या पद्धतीतील चूक एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल.

समजा, एका कार्यालयात १,००० कर्मचारी आहेत. २०० जणांनी नाव नोंदवले. सहा महिन्यांनी अखेरच्या वजनमापाला १२० जण हजर राहिले व त्यांचे वजन सरासरी ५ किलोने कमी भरले. अहवालात ‘सरासरी ५ किलो घट’ असे छापले जाईल. पण गळालेले ८० जण कोण होते? ज्यांचे वजन उतरले नाही, ते वजनकाट्यापुढे येण्याचे टाळतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्यांच्या वजनात काहीच फरक पडला नाही असे धरले, तर एकूण ६०० किलोची घट २०० जणांत विभागावी लागेल आणि सरासरी ३ किलोवर येईल. त्यांपैकी काहींचे वजन वाढले असेल तर आणखी कमी होईल. मूळ नोंदणीतील प्रत्येकाला हिशेबात धरण्याच्या या पद्धतीला मूळ गटानुसार विश्लेषण म्हणतात. परीक्षेतील उत्तरात या संज्ञेचा उल्लेख अवश्य असावा.

आता शेजारच्या, कार्यक्रम नसलेल्या कार्यालयातही २०० इच्छुकांची नुसती यादी केली होती आणि त्यांचे वजन त्याच काळात सरासरी अर्धा किलोने घटले, असे समजू. कार्यक्रमाचा निव्वळ परिणाम २.५ किलो ठरतो. संपूर्ण कार्यालयाच्या १,००० कर्मचाऱ्यांत तो वाटला तर दरडोई अर्धा किलो. एकाच कार्यक्रमाचे ५, ३, २.५ व ०.५ असे चार आकडे निघाले. चारही गणिताने बरोबर आहेत, कारण प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे. धोरणकर्त्याला बहुधा शेवटचे दोन हवे असतात आणि त्याच्या हाती पहिला पडतो.

कार्यक्रम नसतानाही वजन का घटावे, असा प्रश्न येथे पडू शकतो. त्याचे एक कारण असे की माणूस वजनाविषयी जागा होतो तो ते नेहमीपेक्षा वर गेलेले असताना. दिवाळीच्या फराळानंतर नाव नोंदवणाऱ्याचे वजन उन्हाळ्यापर्यंत आपोआपच थोडे उतरते. टोकाला गेलेले माप पुढच्या वेळी सरासरीकडे सरकते, हा संख्याशास्त्राचा परिचित नियम आहे. दुसरे कारण मनाच्या तयारीचे. नाव नोंदवणारा माणूस बहुधा कार्यक्रमाविनाही काही ना काही करणारच असतो. या दोन्ही गोष्टींचे श्रेय आहारतज्ज्ञाच्या पदरात टाकणे अन्यायाचे नसले तरी अशास्त्रीय आहे.

दोन मोठे अभ्यास आणि एक माघार

अमेरिकेत आरोग्य विम्याचा भार मोठ्या प्रमाणात मालक उचलतो. त्यामुळे तेथे हा प्रश्न पैशाचा होता. कॅथरीन बायकर, डेव्हिड कटलर व झिरुई साँग यांनी २०१० मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन असा निष्कर्ष काढला, की कार्यस्थळ आरोग्य कार्यक्रमांवर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे वैद्यकीय खर्च सुमारे ३.२७ डॉलरने आणि गैरहजेरीचा खर्च सुमारे २.७३ डॉलरने घटतो. त्याच वर्षी संमत झालेल्या तेथील आरोग्य सुधारणा कायद्याने आरोग्य कार्यक्रमांशी निगडित आर्थिक सवलतींची मर्यादा विमा खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत वाढवली. याचा दुसरा अर्थ असा, की जो कर्मचारी उद्दिष्ट गाठणार नाही, त्याला तुलनेने अधिक हप्ता भरावा लागणार. वजन हा अशा प्रकारे पगारपत्रकाचा विषय बनला.

पुढे मोठ्या आकाराच्या चाचण्या झाल्या. बायकर व साँग यांनीच २०१९ मध्ये एका मोठ्या किरकोळ विक्री साखळीतील अभ्यास प्रसिद्ध केला. १६० कार्यस्थळे व जवळपास ३३,००० कर्मचारी त्याच्या कक्षेत होते. २० ठिकाणी चिठ्ठीने कार्यक्रम देण्यात आला. पोषण, व्यायाम व ताणनियंत्रण यांचे पाठ आहारतज्ज्ञांनी घेतले. १८ महिन्यांनंतर कार्यक्रमाच्या ठिकाणी नियमित व्यायाम करतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ८.३ टक्के-बिंदूंनी आणि वजनावर लक्ष ठेवतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण १३.६ टक्के-बिंदूंनी अधिक होते. परंतु शरीराची मापे, रक्ततपासण्या, वैद्यकीय खर्च व गैरहजेरी यांत लक्षणीय फरक आढळला नाही. सांगितलेली वागणूक बदलली आणि मोजलेले शरीर तसेच राहिले! ज्या संशोधकांचा आधीचा आढावा कार्यक्रमांच्या बाजूने उद्‌धृत केला जात होता, त्यांनीच अधिक कठोर पद्धतीने हा निष्कर्ष काढला, हे विज्ञानाच्या प्रामाणिकपणाचे उदाहरण म्हणता येईल.

इलिनॉय विद्यापीठातील अभ्यास याहून बोधप्रद आहे. डेमन जोन्स, डेव्हिड मोलिटर व ज्युलियन राइफ यांनी २०१६ पासून ४,८३४ कर्मचाऱ्यांवर तो केला. ३,३०० जणांना कार्यक्रमात सहभागाची संधी दिली, उरलेल्या १,५३४ जणांना दिली नाही. संधी मिळालेला गट व न मिळालेला गट यांची तुलना केली असता आरोग्य तपासणीचे प्रमाण वाढले, पण वैद्यकीय खर्च व बहुतेक सवयी यांत फरक दिसला नाही. नंतर त्याच संशोधकांनी मुद्दाम चुकीची पद्धतही वापरून पाहिली. संधी मिळालेल्यांपैकी प्रत्यक्ष सहभागी झालेले व न झालेले यांची त्यांनी तुलना केली. लगेच कार्यक्रम यशस्वी दिसू लागला. याचे कारण सहभागी होणारे मुळातच कमी वैद्यकीय खर्चाचे व अधिक निरोगी सवयींचे होते. त्यांना निरोगी कार्यक्रमाने केले नव्हते. निरोगी होते म्हणून ते कार्यक्रमाकडे आले होते. यास निवड-दोष म्हणतात.

येथे न्यायाचाही प्रश्न उपस्थित होतो. सवलत मिळणारे जर बहुतांशी आधीच निरोगी असतील, तर तिचा भार अखेर आजारी, कमी पगाराच्या आणि दोन पाळ्यांत राबणाऱ्या कर्मचाऱ्यांवर पडतो. कार्यक्रम निष्फळ ठरला तर केवळ निधी वाया जातो. तो दंडाशी जोडलेला असून निष्फळ ठरला, तर दुर्बलाकडून सबळाकडे पैसा वळतो. या दोहोंत फरक आहे.

बॉस्टनचे ८ किलो आणि ही शून्यवत फलिते परस्परविरोधी आहेत काय? तसे समजण्याचे कारण नाही. बॉस्टनला निवडक, इच्छुक, अतिवजनी व्यक्तींना नियमित व सखोल मार्गदर्शन मिळाले आणि वजनघट हेच एकमेव उद्दिष्ट होते. विक्री साखळीत सर्वसाधारण पाठ होते व किमान एक पाठ पूर्ण करणारे ३५ टक्केच होते. पातळ केलेले औषध सर्वांना पाजल्यावर गुण येत नाही, एवढाच याचा अर्थ.

श्रेय तंतूंचे किती?

बॉस्टनच्या कार्यक्रमात तंतू होते, प्रथिने होती, गटाची सोबत होती आणि तज्ज्ञांचे मार्गदर्शनही होते. यांतील कोणत्या घटकाने वजन उतरवले, हे त्या रचनेतून सांगता येत नाही. या प्रश्नाच्या जवळ जाणारे उत्तर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यक शाखेतील युनशेंग मा व सहकाऱ्यांच्या २०१५ च्या चाचणीत मिळते. ती कार्यस्थळावरील नव्हती. चयापचय विकारसमूह असलेल्या २४० प्रौढांपैकी एका गटाला केवळ एकच सूचना होती : दररोज ३० ग्रॅम वा अधिक तंतू खा. दुसऱ्या गटाला अमेरिकन हार्ट असोसिएशनची बहुकलमी आहारपद्धती देण्यात आली. वर्षाअखेर पहिल्या गटाची सरासरी घट २.१ किलो व दुसऱ्याची २.७ किलो होती. म्हणजे एक साधी सूचना अनेक सूचनांच्या बरीच जवळ गेली. मात्र ती ८ किलोंच्या जवळपासही गेली नाही. तंतूंकडून अपेक्षा ठेवायची ती या मापाची. ‘चोथा खा आणि वजन विसरा’ ही जाहिरातीची भाषा झाली.

त्यातच तंतू मोजणे वजन मोजण्यापेक्षा कठीण असते. काटा सगळ्यांचा एक असतो, पण ‘काल काय खाल्ले’ या प्रश्नाचे उत्तर स्मरणावर व संकोचावर अवलंबून असते. आहारतज्ज्ञासमोर समोसा विसरला जातो आणि कोशिंबीर आठवते. कँटीनमध्ये किती किलो कडधान्य शिजले, किती ताटांत उरले, याची नोंद त्यामुळे अधिक भरवशाची ठरते. अचानक तंतू वाढवल्यास पोटफुगी व वायू यांचा त्रास होतो. पाणी कमी पिणाऱ्यांना बद्धकोष्ठही होते. अशा तक्रारींची नोंद ठेवणे हाही मूल्यमापनाचाच भाग आहे, कारण गळतीचे कारण बहुधा तेथेच सापडते.

भारतीय चौकट

कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ४६ ने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांत उपाहारगृहाची तरतूद केली होती. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये ही मर्यादा १०० कामगारांवर आणली गेली आणि त्यांत कंत्राटी कामगारही मोजले गेले. याच संहितेत ठरावीक कर्मचाऱ्यांच्या विनामूल्य वार्षिक आरोग्य तपासणीचीही तरतूद आहे. एका बाजूला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या बाजूला वर्षागणिक वजनाची नोंद, असे मूल्यमापनाचे दोन्ही आधार कायद्यानेच उपलब्ध होतात.

भारतातील प्रयत्नही अगदीच नवे नाहीत. औद्योगिक कर्मचारी व त्यांच्या कुटुंबीयांमध्ये हृदयविकाराचे धोके कमी करण्याच्या एका प्रकल्पाचे निष्कर्ष डी. प्रभाकरन व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडले. काही वर्षांच्या अंतराने दोन स्वतंत्र पाहण्या करून, कार्यक्रम न राबवलेल्या औद्योगिक लोकसंख्येच्या तुलनेत वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब व कोलेस्टेरॉल घटल्याचे त्यात दिसले. दोन पाहण्यांत तीच माणसे नसल्याने नव्या भरतीमुळे सरासरी बदलण्याची शक्यता अशा रचनेत राहते, हे वाचकाने ध्यानात घ्यावे.

भारतीयांच्या बाबतीत वजनाची पातळीही वेगळी धरावी लागते. येथील तज्ज्ञांच्या २००९ च्या सहमतीनुसार देहवस्तुमान निर्देशांक २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता मानली जाते. सुरुवातीच्या पाहणीत २५ चा आकडा वापरला आहे, हे लक्षात घेतले म्हणजे प्रत्यक्ष व्याप्ती त्याहून मोठी असल्याचे कळेल. शिवाय भारतीय शरीरात चरबी पोटाभोवती साठण्याची प्रवृत्ती असल्याने केवळ किलो न मोजता कंबरही मोजणे श्रेयस्कर ठरते.

दहा शाखा असलेल्या एखाद्या सार्वजनिक उपक्रमाला सर्व शाखांत एकाच वेळी कार्यक्रम सुरू करणे बहुधा शक्यच नसते. मग पहिल्या वर्षी कोणत्या पाच शाखा घ्यायच्या, हे चिठ्ठीने ठरवावे. उरलेल्या पाच आपोआप तुलनेचा गट होतात, दुसऱ्या वर्षी त्यांनाही लाभ मिळतो आणि कोणावर अन्याय होत नाही. यासाठी वेगळा निधी लागत नाही. शाखा निवडण्याचा अधिकार मात्र कोणालातरी सोडावा लागतो, आणि अडचण नेमकी तेथे येते.

सरावासाठी

एका बँकेने विभागीय कार्यालयात ज्वारी-बाजरीच्या भाकरीची थाळी सवलतीत सुरू केली. वर्षाअखेर थाळी घेणाऱ्या ९० कर्मचाऱ्यांचे सरासरी वजन थाळी न घेणाऱ्यांपेक्षा ४ किलोने कमी आढळले, आणि योजना सर्व कार्यालयांत नेण्याचा प्रस्ताव आला. या आकड्यावरून काय म्हणता येते, काय म्हणता येत नाही आणि निर्णयापूर्वी कोणती माहिती मागवाल, हे २५० शब्दांत लिहा. थाळी सुरू होण्यापूर्वीच्या वजनांचा उल्लेख प्रस्तावात नाही, याकडे लक्ष द्यावे.